किलोमीटर एकेचाळीसची पांढरी रेघ

भगवानरावांची रजा मंजूर झाली होती, पण तिला एक शेपूट होतं. "या आठवड्यात कामावर अनपेक्षित असं काही घडलं नाही, तर गुरुवारच्या विमानानं खुशाल जा," असं प्रकल्पप्रमुख केयूर साहेबांनी अर्जावरच लिहून दिलं होतं. रविवारी नांदेडला लेकीचा, तृप्तीचा साखरपुडा होता. ओमानमधल्या सलालाह शहराबाहेरच्या नव्या चौपदरी रस्त्यावर अनपेक्षित घटनांचं रजिस्टर सांभाळणं हीच भगवानरावांची नोकरी. पूर, दरड, टायर फुटणं, मंत्र्याचं न कळवता येणं अशा दोनशे बारा घटना त्यांनी त्यात आधीच लिहून ठेवल्या होत्या. लिहिलेली घटना अनपेक्षित धरायची नाही, हा कंपनीचा नियम.

बुधवारी सकाळी फोरमन झुबेरचा फोन आला. झुबेर मूळचा रत्नागिरीचा.

"साहेब, एकेचाळीसाव्या किलोमीटरला उंट बसलेत."

"किती?"

"नुसते बसलेले मोजू, का उभे पण धरू?"

भगवानरावांनी रजिस्टर चाळलं. उंट कुठेच नव्हता.

ते पोहोचले तेव्हा भुरभुर चालू होती. बाजूला चिखल आणि मधोमध कोरडा, उबदार डांबरी रस्ता. उंटांनी शहाण्यासारखी निवड केली होती. आदल्या दिवशी मारलेली पांढरी रेघ दमट हवेत सुकली नव्हती. वीसेक उंट तिच्यावर लोळून उठले होते आणि प्रत्येकाच्या कुशीवर रेघेचा आपापला वाटा होता. हॉर्न वाजवून झाले. एका उंटानं मान वळवून बघितलं, तेवढंच.

मालक आला. सुहैल नावाचा म्हातारा, हातात काठी, काखेत थर्मास.

"यल्ला, चल लवकर, त्याला विचार, कधी हलवतोस?" भगवानराव अरबी येणाऱ्या झुबेरला म्हणाले.

"असं नाय विचारायचं साहेब. आधी कॉफी. मग तब्येत, मग घरची खबर, मग पावसाची. उंट शेवटी."

शेवट यायला पाच खजूर आणि सहा कप लागले. मग म्हातारा बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, पाऊस लागला की डोंगर निसरडा होतो, म्हणून उंट खाली उतरतात. दरवर्षी, ह्याच वाटेनं. आजोबांपासून. रस्ताच यंदा नवीन आलाय."

भगवानरावांचा जीव भांड्यात पडला. दरवर्षी होतं ते अनपेक्षित कसलं? त्यांनी तिथंच दोनशे तेरावी नोंद केली: 'उंटांचं वार्षिक आगमन.'

"आता हलव म्हणावं."

झुबेरनं विचारलं आणि डोकं खाजवलं. "हलवतो म्हणतो. पण रंग त्याला आवडलाय. धुक्यात गाड्यांना उंट दिसत नाहीत, आता दिसतील. उरलेल्यांनापण लावून द्या म्हणतो. सारखा न्याय पायजे."

उरलेले एकवीस होते. रेघ मारणाऱ्या रंगाऱ्यांनी ब्रश उचलले. तेवढ्यात नांदेडहून बायकोचा, कांताबाईंचा फोन.

"बॅग भरली का?"

"उंट रंगवतोय."

"विमान चुकवायला यापेक्षा बरं कारण मिळालं नाही का हो?"

अठरावा उंट चालू असताना केयूर साहेबांची गाडी येऊन उभी राहिली. साहेबांनी ब्रश पाहिले, उंट पाहिले आणि रजिस्टर मागितलं.

"म्हणजे हे अपेक्षित होतं?"

"हो साहेब. रस्ता सुरक्षा."

साहेबांनी दोनशे तेरावी नोंद वाचली. "भगवानराव, ज्याला उंटसुद्धा आधी कळतात, असा माणूस मी पावसाच्या दिवसांत सोडू कसा?"

भगवानरावांच्या डोळ्यांपुढून विमान गेलं. "पुढच्या आठवड्यात काहीच होणार नाही साहेब."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. खाली सहीसुद्धा केली. साहेबांनी कागद वाचला, घडी करून खिशात टाकला.

"काहीच होणार नसेल, तर तुमचं इथं काम काय? जा."

संध्याकाळी झुबेर त्यांना विमानतळावर सोडायची वेळ ठरवायला आला.

"मिळाली ना रजा? कशी काय?"

"मी नसलो तरी इथं काही अडत नाही, असं लिहून दिलं. साहेबांनी कागद खिशात टाकला."

झुबेरनं निघायची वेळ हातावर लिहून घेतली.

"साहेब, तुम्ही निश्चिंत जावा. पण तो कागद कुठल्या खिशात आहे तेवढं सांगून जावा. तुम्ही परत यायच्या आत तो साहेबांनी दुसऱ्यांदा वाचता कामा नये."