पाचशेचा आकडा

घड्याळजींच्या हाताला कंप सुटलाय, हे बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. जावयाला मात्र सुगावा लागला. तो प्रयोगशाळेत कामाला. तिथलं एक जुनं पिपेट त्याने आणून दिलं.

"बाबा, ह्याच्या या छोट्या खिडकीत आकडा लावायचा, बटण दाबायचं. मोजून तेवढंच तेल पडतं."

तेलाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, अख्ख्या घड्याळाला पाचशे नॅनोलिटर. समोर मुख्याध्यापिकाबाईंच्या दिवंगत नवऱ्याचं घड्याळ उघडं पडलेलं, पाच वाजता द्यायचं कबूल केलेलं. घड्याळजींनी खिडकीत बरोब्बर पाचशे आणले आणि बटण दाबलं.

घड्याळ दोनदा टिकटिकलं नि गप्प झालं.

"कमी पडलं वाटतं," म्हणून त्यांनी आणखी पाचशे दिले.

"अहो, तेल घालताय की तळताय?" मागून बायको म्हणाली.

जावयाला फोन लागला. "बाबा, ते पिपेट मायक्रोलिटरचं. शेवटचा आकडा दशांश. पाचशे म्हणजे पन्नास मायक्रो."

"आणि मला हवे होते किती?"

"हजार नॅनोचा एक मायक्रो. म्हणजे अर्धा."

घड्याळजींनी कागदावर भागाकार केला. पुसला. पुन्हा केला. "शंभरपट?"

"दोनदा घातलंत ना? मग दोनशेपट." जावई हिशेबाला फार पक्का होता.

घड्याळजींनी फोन ठेवला. "संपलं गं. चाळीस वर्षं सुईच्या टोकाने तेल दिलं, कधी मोजलं नाही. आज मोजलं आणि बुडालो. दुकान बंद करू."

"करा. पण आधी हे बाईंचं पुसू या."

चार वाजले होते. बायकोने त्यांचं मनगट घट्ट धरलं, त्यांनी एकेक चाक सुटं केलं, पेट्रोलमध्ये धुतलं, पुन्हा बसवलं. तेलाची वेळ आली तशी सुई लटपटायला लागली. बायकोने ती काढून घेतली. रोज त्यांच्या डोळ्यांत औषध घालणारा तो हात जराही हलला नाही.

"किती घातलंस?"

"दिसेल न दिसेल इतकं."

पाचला बाईंनी घड्याळ कानाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांच्या उशाशी असायचं तेव्हा अगदी असंच वाजायचं हो. कुणी केलं?"

घड्याळजींनी खाकरून घसा साफ केला. "नवीन कारागीर ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी भिंग लावून बायको स्टुलावर बसली होती. घड्याळजी आतून चहा घेऊन आले. कप अर्धा, बशी भरलेली.

"किती सांडलात?" तिने मान वर न करता विचारलं.

"नॅनोत सांगू की मायक्रोत?"