आप्पांची स्थापना-वही

गावात नवीन दुकान उघडलं की लोक नारळ घेऊन जातात. आमचे भागवत आप्पा वही घेऊन जातात. मागच्या दसऱ्याला गणेशनं मोबाईलचं दुकान टाकलं. फीत कापून झाली, पेढे वाटून झाले, आणि आप्पांनी चष्मा पुसत विचारलं, "गणेशराव, स्थापना लिवून घेतली. आता दुकान बंद पडल्यावर मला कोण कळवंल, त्याचं बी नाव सांगून ठिवा."

गणेशच्या आईच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"वाईट वाटून घिऊ नगा," आप्पा म्हणाले. "मी दोन्ही रकाने आधीच आखून ठिवतो."

आप्पा पंच्याहत्तरी ओलांडलेले. भीमाकाठच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेचे पहिले क्लार्क, पुढे सेक्रेटरी. रिटायर झाल्यापासून त्यांनी एकच उद्योग धरलाय. शिरूर आणि दौंड तालुक्यातलं प्रत्येक दुकान, गिरणी, भजनी मंडळ, बँडपार्टी, सोसायटी कुणी काढली, पहिलं गिऱ्हाईक कोण, पहिलं भांडण कशावरून झालं, हे सगळं ते लिहून ठेवतात. अशा चौदा वह्या भरल्यात. खिशाला दोन पेन. कागदपत्र पाहून लिहिलेली माहिती निळ्यानं, ऐकीव माहिती लाल पेननं. तुम्ही काहीही सांगितलंत, अगदी आमच्याकडं पाव्हणे आलेत म्हणालात, तरी ते विचारणार, "हे कागदावर हाय, का नुसतं जिभंवर?"

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. शिरूरच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं आणि रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला लागलो. आईनं डिग्रीचा कागद देव्हाऱ्याशेजारी लावलाय, आणि तो तिथं लावलेला मला आवडतो. गावात या गोष्टीची खरी किंमत ठेवली ती आप्पांनी. तेव्हापासून ते मला नावानं हाकच मारत नाहीत. "काय पदवीधर, आज फस्ट शिफ्ट का?" असं भर चौकात विचारतात. चेष्टा नसते त्यात. एवढं नावाजल्यावर वह्या टाईप करायला नाही म्हणता येत नाही. सुट्टीच्या दिवशी ते सांगतात, मी लॅपटॉपवर टाईप करतो.

एकदा मला डेमू रेल्वेनं दौंडला घेऊन गेले. तिथं दोन सख्ख्या भावांचं सायकलचं दुकान होतं. वाटणीत मधोमध भिंत घातलेली. दोन्ही पाट्यांवर स्थापनेचं साल तेच आणि खाली 'आमची कुठेही शाखा नाही'. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आप्पांनी दोघांनाही तोच प्रश्न विचारला, "वडलांचा हवा भरायचा पंप कोणच्या खिळ्याला टांगलेला असायचा? खिळा ज्याच्याकडं त्याचं दुकान मूळ." थोरला म्हणाला माझ्याकडं. धाकट्यानं पलीकडून ऐकलं आणि पाना घेऊन बाहेर आला. दहा मिनिटांत ते दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून आप्पांना स्टेशनच्या दिशेनं हाकलत होते.

गाडीत बसल्यावर आप्पांनी लाल पेननं लिहिलं, 'खिळा वादग्रस्त.' मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पन बोलले की न्हाई दोघं?"

तर अशा माणसाकडं यंदा आमच्या दूध संस्थेनं सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेचं काम दिलं. चेअरमन दत्तूनाना म्हणाले, "आप्पा, इतिहास चार पानात बसवा. बाकी जाहिराती हायत्या." आप्पांनी एकोणतीस पानं दिली. मी टाईप केली. संस्थापकांच्या यादीत सगळी पुरुषांची नावं आणि मधेच एक 'हौसाबाई सोपान'. मला वाटलं, म्हाताऱ्या हाताची चूक. मी आपलं 'कै. सोपान बाबूराव' असं दुरुस्त केलं. ग्रॅज्युएट माणसानं एवढं करायलाच पाहिजे.

प्रूफ बघून आप्पा थेट घरी आले. चहाला नको म्हणाले. हे आजवर कधी झालं नव्हतं.

"पदवीधर, हे कुणी केलं?"

"मी. चुकून बाईचं नाव पडलं होतं."

"चुकून न्हाई पडलं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते एकाही वहीत नव्हतं.

संस्थेच्या अर्जावर सह्या घ्यायला सहकार खात्याचे साहेब जीपनं शिरूरहून आले होते आणि दुपारच्या आत परत जाणार होते. एक अंगठा कमी पडला. सोपान बैल घेऊन दौंडच्या बाजाराला गेलेला. आप्पा तेव्हा नवे क्लार्क. अर्ज आणि शाईचा पॅड घेऊन ते सोपानच्या घरी पळाले. घरात एकटी हौसाबाई. "धनी न्हाईत," ती म्हणाली. आप्पा म्हणाले, "वयनी, तुमचाच द्या. अंगठ्याला काय नाव असतं व्हय?" तिनं सोपानच्या नावापुढं दिला. संस्था झाली.

"फुडं कुणीतरी तिला सांगितलं, खोटा अंगठा दिला की जेल हुती. तवापासनं तिनं कशालाच अंगठा दिला न्हाई."

हे मात्र गावाला माहीत होतं. गावात जीप आली की हौसाबाई उसात जाऊन बसायची. लोक हसायचे, म्हातारी भित्री आहे म्हणायचे. आधारकार्ड काढायला सुनेनं तीनदा रिक्षात घालून शिरूरला नेलं, तिन्ही वेळा म्हातारी रिक्षातनं उतरली नाही. कार्ड नाही म्हणून पेन्शन नाही, दवाखान्याची सवलत नाही. मागच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन कार्डावाचून राहिलं. आता डाव्या डोळ्यानं तिला जेमतेम दिसतं.

"तिचा डोळा माझ्यापायी चाललाय," आप्पा म्हणाले. "उघड छापून आलं आन् कुणी काय केलं न्हाई, म्हंजी तिला पटंल."

चेअरमनना मात्र पटलं नाही. "आप्पा, स्थापनेचाच अंगठा खोटा म्हणून छापलं तर संस्था खरी कशी राहील? सत्काराच्या दिवशी चौकशी लावून घिऊ का मी?"

"साहेबांनी लिवून दिलं तर?"

"मग काय बी छापा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आप्पांना मोटारसायकलवर शिरूरच्या सहकार खात्याच्या कचेरीत नेलं. साहेब म्हणजे माझ्याएवढ्या वयाच्या मॅडम होत्या. आप्पांनी घरून लिहून आणलेला कबुलीजबाब टेबलावर ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. पिशवीत टॉवेल, बीपीच्या गोळ्या आणि एक जास्तीचा पायजमा होता. माणूस आत जायच्या तयारीनं आलेला.

मॅडमनी जबाब दोनदा वाचला. "बसा हो आजोबा. सोपानरावांनी पुढं कधी तक्रार केली?"

"न्हाई. मरंपर्यंत दूध घातलं."

"मग आता कोण कुणाला पकडणार? आजींना सांगा, काही होत नाही."

"सांगतो. पन हे जिभंवर झालं, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. शेवटी त्यांनी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या की हौसाबाईंवर कसलाही गुन्हा नाही आणि संस्थेलाही धोका नाही. सही केली आणि म्हणाल्या, "आता शिक्का मागू नका."

आप्पांनी मागितला. मिळाला नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी सकाळी आम्ही ताजी स्मरणिका घेऊन हौसाबाईच्या अंगणात गेलो. ती उन्हात शेंगा फोडत बसली होती. आप्पांच्यानं वाचवेना, म्हणून मी वाचलं. तिचं नाव वाचलं, त्या दिवसाची हकीकत वाचली, मॅडमच्या दोन ओळीही वाचल्या. ती शेवटपर्यंत शेंगा फोडत राहिली.

"म्हंजी काय न्हाई?" तिनं विचारलं.

"काय न्हाई, वयनी. जेल न्हाई, काय न्हाई."

"आन् तुमाला?"

आप्पांना समजलं नाही.

"तुमाला, भावजी. मला काय, माझं काय न्यायचं हुतं जेलात? हितं मिळत्यात तितक्या भाकरी तिथं बी मिळाल्या असत्या. पन तुमी तवा नवंनवं नोकरीला. माझा अंगठा कुटं त्या अर्जावरच्याशी जुळला असता तर तुमची नोकरी गेली असती."

ज्या माणसाला गावातल्या पिठाच्या गिरणीचं पहिलं जातं कुणी टाकलं हे ठाऊक, त्याला हे पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं. आप्पा म्हणाले, "वयनी, मला रिटायर होऊन बी मोप वर्सं झाली."

"मला कुणी सांगितलं व्हय?"

आप्पा पायरीवर बसले आणि तिच्या पुढ्यातल्या शेंगा फोडायला लागले. शेंगा संपल्या तशी हौसाबाई उठली आणि सुनेला म्हणाली, "मंदे, त्या रिक्षावाल्याला फोन लाव."

"आता? कार्येक्रम हाय की आज," सून म्हणाली.

"कार्येक्रमाला लई माणसं हायती."

रिक्षात ती आणि आप्पा, मागं मोटारसायकलवर मी. वेशीपर्यंत स्पीकर ऐकू येत होता. 'संस्थेचे पहिले क्लार्क भागवत आप्पा यांनी सत्कारासाठी व्यासपीठावर यावे.' तीनदा पुकारलं. आप्पांनी रिक्षातून डोकंही बाहेर काढलं नाही.

शिरूरच्या केंद्रात नंबर लागला. हौसाबाईनं अंगठा मशिनवर ठेवला. मशिननं घेतला नाही. पुसून ठेवला, घेतला नाही. दाबून ठेवला, तरी नाही. ऑपरेटर मुलीनं तिचा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "आजी, रेषाच राहिल्या नाहीत हो. शेणामातीत सगळ्या झिजल्या."

मी आप्पांकडं बघायचं टाळलं. हौसाबाई मात्र आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली आणि हळूहळू हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. "बघा भावजी. उगंच झाकून ठिवला."

"काही अडत नाही," मुलगी म्हणाली. "डोळ्यांवर होतं. आजी, इकडं बघा. डोळे मोठे करा. अजून मोठे."

हौसाबाईनं डोळे मोठे केले. आणि तिच्या खुर्चीमागं, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या असलेल्या आप्पांनीही, कुणी सांगितलेलं नसताना, आपले डोळे होतील तेवढे मोठे केले.