दातातला राग

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं पोर किंचाळायला लागलं की बाकीचे दारं लावून घेतात. सुशीलामावशी मात्र दार उघडतात. तेही हातातलं काम टाकून, लगबगीनं.

मावशी तळमजल्यावर एकट्या राहतात. मागच्या लूमच्या कारखान्यातून तुटक्या सुताचे गुंते आणायचे, ते पिंजून मोकळे करायचे आणि मशीन पुसायला गॅरेजवाल्यांना द्यायचे, हा त्यांचा धंदा. पण जीव सगळा दुसऱ्यांच्या पोरांच्या रागात. पोर कितीही आकांडतांडव करू दे, त्या “गप्प बस” म्हणत नाहीत. समोर बसकण मारून डॉक्टरसारखं विचारतात, “राग कुठं आलाय रं?” पोर रडता रडता विचारात पडतं. पायात आला असेल तर जिन्यावर पिटाळायचं. हातात असेल तर पुढ्यात गुंता टाकायचा, तोड म्हणायचं हवा तेवढा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, मावशी आमच्या पोरांकडून फुकटात कामं उरकून घेतात. मावशींनी ते कबूलच केलं. वर म्हणाल्या, तुमच्या पिंट्यासारखा पिंजणारा अख्ख्या भिवंडीत न्हाय.

माझी तन्वी, वय वर्षं सहा, राग आला की चावायची. वर्गातल्या दोघींना चावून झालं होतं. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, आणखी एकदा झालं तर घरीच ठेवा. माझं धाबंच दणाणलं. समजावलं, ओरडले, एक धपाटाही दिला, उपयोग शून्य. शेवटी नेलं मावशींकडे.

“कुठं आलाय?”

“दातात,” तन्वी म्हणाली.

असला राग मावशींना नवीन होता. त्यांनी चष्मा लावला, तिला आ करायला लावलं आणि बघत बसल्या. कधी येतो? त्याच्या आधी काय होतं? मला कधी न सांगितलेलं तन्वीनं त्यांना सांगून टाकलं. मुली तिच्या बोबड्या बोलण्याची नक्कल करतात, मग तिचे कान गरम होतात, मग दात.

“मंग कान गरम झाले की उठायचं,” मावशी म्हणाल्या. “दातात पोचायच्या आत बाईंकडं जायाचं.” वाटेत चावायला म्हणून सुक्या खोबऱ्याचा तुकडा दिला.

मी बाईंशी बोलले, त्या मुलींनाही समज मिळाली. तरी पहिला आठवडा माझा जीव टांगणीला. फोन वाजला की वाटायचं, चावली! पण खोबरं संपत राहिलं आणि शाळेचा फोन काही आला नाही. तन्वी शाळेत टिकली.

मग एकदा मावशींनी मला जिन्यात गाठलं. इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, तन्वीला आता राग येतच न्हाय का? मी कौतुकानं सांगितलं, येतो, पण तिचा तीच आवरते. “बरं झालं,” म्हणाल्या, पण चेहरा पडला. एवढी हुशार बाई, आणि स्वतःचंच गिऱ्हाईक बरं करून बसलेली! मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तन्वीला घेऊन खाली गेले. मावशींनी दार उघडलं.

“मला राग नाही आला,” तन्वी म्हणाली. “मी नुसतीच आलेय.”

मावशींनी पदर सारखा केला. खुर्ची पुसली. पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, “नुसतं आलेल्याला काय द्यायचं असतं गं?”