‘आधी कोण?’चा फेरनिकाल

टीव्हीवरच्या जुन्या खेळांचे हौशी लोकांनी इंटरनेटवर केलेले पुनर्खेळ कायद्यानं खरे धरले जाऊ लागले, तेव्हा जयसिंगपूरच्या पद्मल मगदूमला मनापासून आनंद झाला, कारण आता तिच्या थोरल्या जावेचा फ्रिज जाण्याची शक्यता होती.

तसं यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. वाहिनीवाल्यांनी त्या काळच्या टेपा पुसून त्यांवर क्रिकेटचे सामने भरले होते. मूळ खेळच जगात उरला नाही म्हटल्यावर त्याचा निकाल तरी कुठून उरणार? मग ज्यांनी तो खेळ पडद्याच्या चुण्यांसकट पुन्हा उभा केला, त्यांच्याकडं लागेल तोच निकाल, असं ठरलं. लोकांनी फारशी कुरकुर केली नाही. बार्शीच्या एका गृहस्थांची इस्त्री गेली. गडहिंग्लजच्या एकानं बक्षिसाच्या अंगठीचा दात करून घेतला होता, तो दात गेला, आणि आता ते दुसऱ्या बाजूनं चावतात. विट्याच्या एका बाईंचा मिक्सर गेला, आणि त्या मिक्सरवर उभा केलेला चटण्यांचा धंदाही गेला. मिक्सरच नव्हता तर चटण्या वाटल्या कशात, हा प्रश्न रास्तच होता.

पद्मलचं दुखणं सत्तावीस वर्षांचं. ‘आधी कोण?’ या कार्यक्रमात जावा-जावांचा खास भाग झाला होता, आणि त्यात ती आणि रत्नप्रभा समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या. दोघींपुढं एकेक घंटा. प्रश्न ऐकायचा, आधी घंटा वाजवेल तिनं उत्तर द्यायचं. शेवटचा प्रश्न होता, साबुदाणा कशाचा करतात. आता हे काय दोघींना ठाऊक नव्हतं होय? पण रत्नप्रभाची घंटा आधी वाजली, ती “कंदाचा!” म्हणून ओरडली, आणि फ्रिज तिच्या घरी वरच्या मजल्यावर गेला. पद्मलला उत्तेजनार्थ चहाचा थर्मास मिळाला, तोही झाकण सैल असलेला.

नुसत्या फ्रिजचंच असतं तर पद्मलनं सोडून दिलं असतं. पुढं तिनं याच्या दुप्पट मोठा, दोन दारांचा घेतलाच की. पण मधल्या काळात सासूबाईंना साखरेचा आजार निघाला. इंजेक्शनची बाटली थंड ठेवायला लागते, असं डॉक्टर म्हणाले. गल्लीत फ्रिज एकच, रत्नप्रभाचा. झालं! सासूबाईंनी ट्रंक उचलली आणि वर राहायला गेल्या. या सासूबाईंना दोघी सुना आत्ती म्हणत. पद्मलचा दोन दारांचा आला तेव्हा ती वर जाऊन म्हणाली, “आत्ती, आता चला खाली.” तर आत्ती म्हणाल्या, “आता कुठं हलवतीस बाई. हितं जीव रमलाय.” आणि त्या रमल्या त्या रमल्याच, शेवटी वारल्याही वरच.

तेव्हापासून गल्लीत कुणी म्हटलं, “रत्नप्रभानं सासूचं केलं हो, पोटच्या पोरीनं केलं नसतं,” की पद्मलच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी केलं नसतं काय? मला करू दिलं कुणी? एका घंटेनं माझी सासू नेली, असं तिचं सरळ म्हणणं होतं. रत्नप्रभा स्वभावानं वाईट असती तर पद्मलला बरं पडलं असतं. पण ती मेली भजी तळली तरी आधी वाटीभर खाली पाठवायची.

त्यामुळं ‘आधी कोण? पुनर्खेळ मंडळा’नं जावांचा भाग करायला घेतल्याचं कळताच पद्मलनं स्वतःहून माहिती द्यायची तयारी दाखवली. मंडळाचे प्रमुख अकोल्याचे दातांचे डॉक्टर, सुधन्वा वानखडे. त्यांनी मोबाइलवर समोरासमोर बोलणं लावलं. त्यांच्या मागं कॉम्प्युटरवर काढलेला गुलाबी पडदा हुबेहूब हलत होता.

“साड्यांपासून सुरू करू,” डॉक्टर म्हणाले. “तुमची?”

“मोरपंखी. तिची डाळिंबी.”

“डाळिंबी की मरून? यावरून मंडळात दोन तट पडलेत. शारजाचे सभासद तर बोलत नाहीत आमच्याशी.”

“डाळिंबीच. माझीच होती ती. मीच नेसायला दिली होती.” हे सांगताना पद्मलचा आवाज चढला. माझ्या साडीत उभी राहून माझ्यावरच जिंकली!

“सकाळी काय खाल्लं होतं?”

“उप्पीट. दोघींनीही.”

“छान. खेळणाऱ्यांना तेच द्यावं लागतं. आणखी काही?”

पद्मल जरा पुढं सरकली. “डॉक्टर, माझ्या घंटेवर सरबत सांडलेलं होतं. कोकमाचं. त्यांच्याच माणसानं सांडलं. घंटा चिकटत होती. मी इतकी वर्षं सांगतीय, कुणी ऐकत नाही.”

डॉक्टर गंभीर झाले. “सांडलं तेव्हा खेळ चालू होता की जाहिराती?”

“जाहिराती.”

“मग ते सरबत आमच्या खेळात येत नाही. जाहिरातींच्या वेळचं आम्ही काहीच धरत नाही. घंटा कोरडी राहील. क्षमस्व.”

“चालंल, चालंल,” पद्मल म्हणाली. आनंद तोंडावर दिसू नये म्हणून तिनं खोकल्याचं सोंग केलं.

पुनर्खेळात पद्मल म्हणून परभणीच्या एक बाई उभ्या राहिल्या. टायपिंगच्या परीक्षेत त्या जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या, त्यामुळं बोटांचा प्रश्नच नव्हता. पण त्यांना पाहून पद्मल हिरमुसली. माझं नाक एवढं सरळ कधी होतं? आणि मी एवढी हसून बोलते काय? स्वतःचाच हेवा वाटण्याची ही पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली. रत्नप्रभाच्या जागी उभी राहिलेली बाई मात्र चांगली आडवीतिडवी होती, तेवढा जिवाला थंडावा.

पद्मलच्या सोप्यात सगळी गल्ली मोबाइलला चिकटून बसली होती. खुद्द रत्नप्रभा भज्यांची परात घेऊन खाली आली होती. निवेदकाच्या आवाजात कुणीतरी विचारलं, “साबुदाणा कशाचा कर...” आणि परभणीकरणीची घंटा खणखणली.

“अगं बाई!” रत्नप्रभानं पद्मलच्या गळ्यात हात टाकले. “तू जिंकलीस की ग! बरं झालं बाई. किती मनाला लावून घेतलं होतंस.”

या बाईला हरताही नीट येत नाही, असं पद्मलला वाटलं.

निकालाची अंमलबजावणी करायला धनवडे नावाचे गृहस्थ आले, बरोबर चार हमाल. रत्नप्रभानं फ्रिज सोडा लावून आतून-बाहेरून पुसून ठेवला होता. दाराचा खटका बिघडल्यामुळं दार नाडीनं बांधलेलं असे, ती नाडीही धुतली होती. हमालांनी फ्रिज जिन्यावरून उतरवला आणि पद्मलच्या स्वयंपाकघरात, दोन दारांच्या फ्रिजशेजारी उभा केला. धनवड्यांनी फळीवरचा थर्मास काढून रत्नप्रभाच्या हातात दिला.

“आता नीट ऐका,” ते पद्मलला म्हणाले. “तुम्ही प्लग लावला की निकाल लागू, तोही मूळ तारखेपासून. फ्रिजमुळं जे जे झालं, ते सगळं तुमच्याकडं येणार. थर्मासमुळं जे झालं, ते यांच्याकडं जाणार. त्यात निवड करता येत नाही. भाजीवाल्याकडं भेंडी कोवळी तेवढी वेचून घेतो, तसं इथं चालत नाही.”

“मला सगळंच पाहिजे,” पद्मल म्हणाली.

रत्नप्रभा दारात उभी होती. तिनं हळूच विचारलं, “अहो, मग आमच्या आत्तींचं काय?”

“कोण आत्ती?”

“आमच्या सासूबाई. वारल्या. पण शेवटची सगळी वर्षं माझ्याकडं होत्या. फ्रिजमुळं.”

“मग त्या खाली होत्या,” धनवडे म्हणाले.

“असं कसं हो? मी केलंय त्यांचं. केस विंचरलेत. न्हाऊ घातलंय.”

“यांनी घातलंय. नियमानं तसंच होतं बाई, माझ्या हातात काही नाही.”

रत्नप्रभा थर्मास घेऊन उंबऱ्यावरच बसली. फ्रिज जाताना ती हसत होती, आता मात्र तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पद्मलनं ते पाहिलं. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आपल्या हाताला आत्तींचं डोकं लागणार, गल्ली आपलं नाव घेणार, हेही तिला समोर दिसत होतं. तिनं प्लग लावला.

रत्नप्रभा उठली आणि एरवीसारखा गुडघ्यावर हात न टेकता जिना चढून गेली.

पुढचे काही दिवस पद्मलचे सोन्याचे गेले. हळदीकुंकवाला तिला पहिला मान मिळाला. कोपऱ्यावरच्या चौगुलेकाकू म्हणाल्या, “पद्मल, तुझ्यासारखी सून शोधून सापडायची नाही ग.” पद्मलनं मान खाली घातली आणि ते वाक्य पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून विचारलं, “काय म्हणालात काकू?”

आठवणी मात्र एकदम आल्या नाहीत. नळाला पाणी येतं तशा थोड्या थोड्या आल्या, आणि आल्या त्या क्रमानं. आधी आत्तींची ट्रंक आली. मग सुई टोचायला शिकल्याचं आलं, आणि तिचा अंगठा आपोआप तसा वळायला लागला. मग पथ्याचं वेगळं जेवण, चोरून खाल्लेला पेढा, त्यावरून झालेलं भांडण, न्हाऊ घालताना कमरेत भरलेली उसण. कमर खरोखरच धरली. पद्मल म्हणाली, धरू दे, माझी आहे.

त्याच वेळी तिचं होतं ते वर जात होतं. भिशीच्या बायकांबरोबर ती तोच थर्मास घेऊन श्रवणबेळगोळला गेली होती, उटीला गेली होती. आता अल्बम उघडला तर उटीच्या बागेत पद्मलचाच स्वेटर घालून रत्नप्रभा उभी होती, हातात थर्मास, आणि दात दाखवून हसत होती. सासूच्या दुखण्यात पद्मल कुठं जाणार? पद्मलला ते फोटो पाहून चुटपुट लागली. पण अजून शेवटचा दिवस यायचा होता. त्याच दिवसासाठी तर तिनं हे सगळं केलं होतं. आत्ती शेवटी आपल्या मांडीवर डोकं ठेवणार, आपलं नाव घेणार, एवढं एकदा पदरात पडलं की उटी गेली खड्ड्यात.

तो दिवस आला तेव्हा पद्मल शेंगदाणे भाजत होती. तिनं गॅस बंद केला आणि खाली बसली.

सकाळची वेळ होती. आत्तींचं डोकं खरोखरच तिच्या मांडीवर होतं. हाताला त्यांचे पातळ केस लागत होते. आत्तींनी डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, “रत्ना कुठाय ग?”

“रत्नाक्का उटीला गेल्यात, आत्ती,” पद्मल म्हणाली. त्यावेळी ती तेच म्हणाली होती, कारण तेच खरं होतं. “मी हाय की.”

“तू हाईसच ग,” आत्ती म्हणाल्या. “ती यीस्तवर थांबते जरा.”

पण त्यांना थांबता आलं नाही.

संतापानं पद्मलला रडू फुटलं. इतकी वर्षं उशाशी कोण होतं? सुई कुणी टोचली? कमर कुणाची गेली? आणि वाट कुणाची बघितली, तर स्वेटर घालून बागेत हसणारीची!

संध्याकाळी रत्नप्रभा खाली आली. हातात भज्यांची वाटी होती. हल्ली ती तरतरीत दिसायची, चार वर्षांनी लहान. ती फ्रिजला टेकून उभी राहिली.

“पद्मल, एक विचारू? रागावू नकोस. मला आत्तींचं काही आठवत नाही. काहीतरी आठवत नाही, एवढंच आठवतं. मी काही केलं नाही त्यांचं, मला विचारायचा हक्क नाही.” तिनं वाटी ओट्यावर ठेवली. “शेवटी काही बोलल्या का ग त्या?”

पद्मलनं तिच्याकडं पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“पाणी मागितलं,” ती म्हणाली.

“एवढंच?”

“एवढंच.”

रत्नप्रभानं मान हलवली. मग एकदम काळजीनं विचारलं, “दिलंस ना पण?”

“दिलं की.”

“मग झालं तर. सुखानं गेल्या म्हणायच्या.” तिनं पदरानं डोळे टिपले, पद्मलच्या दुखऱ्या कमरेवरून हात फिरवला आणि “भजी गरम आहेत तोवर खा,” म्हणून जिना चढून वर गेली.

पद्मल तिच्या पाठीकडं बघत राहिली. इतका हेवा तिला फ्रिजचासुद्धा कधी वाटला नव्हता.