लंडन येईपर्यंतचा केर

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात दहिवलीतल्या आप्पा वकिलांच्या घरी रविवार दुपारपासून मंगळवार दुपारपर्यंत केर काढला गेला नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रभाकर शिकण्यासाठी विमानाने लंडनला निघाला होता. घरचं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत झाडूला हात लावायचा नाही, नाहीतर त्याच्या वाटेत विघ्न येतं, असा रिवाज होता.

मी शेजारी. आप्पा कर्जतच्या कोर्टात वकिली करत आणि घरीही. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, तरी "पुरावा?" विचारत.

एरवी हा रिवाज जड जात नसे. पुण्याला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत पोचतो. लंडन किती वेळात येतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पांनी शाळेतून पृथ्वीचा गोल आणला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरायला मला बसवलं आणि दुसरं लंडनपर्यंत ताणलं. दोरा इराणवरून काळ्या समुद्रावर गेला. विमान कैरोवरून जाणार होतं.

"हा फेरा कशाला?" आप्पांनी मलाच दरडावलं.

सोमवारी सकाळी त्यांच्या पत्नी, माई, बाहेर आल्या. "एव्हाना कैरोला उतरला असेल ना? मग निदान माजघर झाडते."

"पुरावा? शिवाय वाटेत थांबणं म्हणजे पोचणं नव्हे."

घरकामाला येणारी गंगू कंटाळून उंबऱ्यात बसली होती. "माई, आमच्या गावाला, कोंडाण्याला, मानूस डोंगर उतरून दिसंनासा झाला की आमी केर काडतो. ह्यो तर ढगात गेलाय. दिसतोय कुटं?"

"गंगू, तू मध्ये बोलू नकोस," आप्पा म्हणाले.

"मी कुटं बोलते? केर बोलतोय."

दोऱ्याची लांबी आणि विमानाचा वेग यांच्या हिशेबाने प्रभाकर सोमवारी संध्याकाळी पोचायला हवा होता. दिवेलागणीच्या आत उरकावं म्हणून माईंनी झाडू उचलला.

"ठेव तो. लंडनचं घड्याळ मागे असतं. तिथं अजून दुपार आहे."

"अहो, विमान त्यांच्या घड्याळानं उडतं की आपल्या?"

 आप्पांनी झाडू काढून घेतला आणि तो मांडीवर आडवा ठेवून ओटीवरच्या खुर्चीत बसले. जेवायलाही उठले नाहीत.

मंगळवारी दुपारी तार आली. प्रभाकर सुखरूप पोचला होता. आप्पांनी तार दोनदा वाचली, माईंच्या हातात दिली आणि झाडू गंगूला दिला. माजघर झालं, स्वयंपाकघर झालं. गंगू ओटीवर आली.

"आप्पा, पाय उचला."

आप्पा हलले नाहीत. माई खाली वाकून बघू लागल्या. रविवारी अंगणात सडा घातलेला होता आणि निघालेला प्रभाकर विसरलेला चष्मा घ्यायला तसाच वर आला होता. त्याच्या बुटांचे मातीचे दोन ठसे आप्पांच्या पायांमध्ये होते.

"राहू दे गं तेवढं," माई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी गंगू आली, तेव्हा खुर्ची तिथेच होती, आणि ठसेही.