बरकतपुऱ्याचे मकानदार

आम्हाला मकान किरायाने देण्याआधी भाऊसाहेब आमची मोरी बघायला आले होते.

माझं नुकतंच लग्न झालेलं. काचीगुड्याला थोरल्या दिरांच्या बिऱ्हाडात एका खोलीत आम्ही राहत होतो. एका रविवारी सकाळी शेरवानी, काळी टोपी आणि हातात छत्री असे एक उंच गृहस्थ दारात उभे राहिले. यांनी खुर्ची पुढे केली, जाऊबाईंनी चहा टाकला. गृहस्थ बसलेच नाहीत. "मोरी कुठंय?" म्हणाले आणि थेट आत गेले. वाकून जाळी बघितली, छत्रीच्या टोकाने कोपऱ्यातला दगड सरकवला, नाक वर करून वास घेतला. मग बाहेर येऊन म्हणाले, "एक तारखेला सामान आणा. चहा आता पितो."

"बैठकीत सगळेच शरीफ असतात, बाई," पुढे ते मला सांगायचे. "माणूस बघायचा तर मोरी बघावी."

भाऊसाहेब महसूल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभराची कमाई घालून त्यांनी बरकतपुऱ्यात हे मकान बांधलं. एका रांगेत तीन पोर्शन. पुढच्यात ते स्वतः एकटेच, मधल्यात आम्ही, आणि मागे रेल्वेच्या दवाखान्यातल्या मेरीबाई नर्स आणि त्यांची म्हातारी आई. भाऊसाहेबांना मूलबाळ नव्हतं. दारं बसायच्या आधीच त्यांची बायको गेली, त्यामुळे त्या घरात ती एक दिवसही राहिली नाही. हे मला मेरीबाईंनी सांगितलं. भाऊसाहेब स्वतः फक्त मकानाबद्दल बोलत.

आणि मकानाला सारखा त्रास व्हायचा. मी खलबत्ता घेऊन बसले की खिडकीतून आवाज यायचा, "बाई, जरा हळू, मकानाला त्रास होतो." कपडे आपटले, दार लागलं, हे जिन्यावरून धावत उतरले, सगळ्यानेच त्रास व्हायचा. गच्ची मात्र दर पावसाळ्यात गळायची. एकदा यांच्या ताटात थेंब पडला. मी तक्रार केली तेव्हा भाऊसाहेब छताकडे बघत इतक्या दुखावल्या स्वरात म्हणाले, "हौ, तब्येत बिघडलीय त्याची," की मीच ताट उचलून दुसरीकडे मांडलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः धोतर खोचून गच्चीवर चुना कालवत बसले. गवंड्यावर भरवसा नव्हता. नळाचा वायसर, गटाराचं झाकण, म्युनिसिपालिटीचा माणूस, यातच त्यांचा दिवस जायचा. लोकांना वाटतं मकानदार आरामात बसून किराया खातो. मी तरी त्या माणसाला कधी आरामात बसलेलं पाहिलं नाही.

मग भाषेप्रमाणे राज्याचे तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सरकारी नोकरीतल्या आमच्या लोकांना बदल्यांचे हुकूम येऊ लागले. कुणी औरंगाबादला, कुणी नांदेडला. रोज कुणाचं तरी सामान टांग्यात चढत होतं. थोरले दीर आणि जाऊबाई गेल्या. भाऊसाहेबांचे पुतणे, भाचे गेले. संध्याकाळी त्यांच्याकडे गंजिफा खेळायला येणारे मित्रही एकेक करून गेले. दुसरीकडे नव्या राज्याची राजधानी आमच्या शहरात आली, म्हणून कर्नूलहून सरकारी नोकर येत होते आणि त्यांना मकानं हवी होती. दलाल भाऊसाहेबांच्या फाटकाशी येऊन म्हणतील तो किराया द्यायला तयार होते. भाऊसाहेब एकच विचारायचे, "मोरी न बघता?"

आमचाही हुकूम आला. औरंगाबाद. मला तेव्हा सातवा महिना होता. मधला पोर्शन रिकामा होणार म्हणून भाऊसाहेब छत्री घेऊन काचीगुडा स्टेशनवर गाडीत बसले आणि कर्नूलला जाऊन वेंकटराव नावाच्या कारकुनाची मोरी बघून आले.

"मोरी आरसा आहे," परतल्यावर म्हणाले. "बाई भली आहे. पण जेवणात तिखट इतकं, माझे दोन्ही कान बंद झाले. मकानाला सवय करावी लागेल."

सगळं ठरलं, सामान बांधून झालं, आणि निघायच्या आदल्या दिवशी मला रक्त जायला लागलं. मेरीबाईंनी डॉक्टरीणबाईंना आणलं. त्या म्हणाल्या, बाळंत होईपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही, प्रवासाचं तर नावच नको. माझी आई लहानपणीच गेलेली, सासूबाई गावी अंथरुणाला खिळलेल्या. यांना हजर व्हावंच लागणार होतं. मेरीबाईंनी "मी आहे" म्हटलं म्हणून हे कसेबसे गेले. मी बांधलेल्या गाठोड्यांमध्ये पडून राहिले. पोटातलं पोर राहतं की जातं ही एक धास्ती. कर्नूलची माणसं येतील तेव्हा मी कुठे जायचं, ही दुसरी.

ती आलीच. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. टांगे थांबले, पोरांचा गलका झाला. वेंकटरावांना उर्दू येत नव्हतं, भाऊसाहेबांचं तेलुगू बाजारापुरतं. दोघे इंग्रजीवर आले.

"धिस पोर्शन नॉट रेडी," भाऊसाहेब म्हणाले. "दॅट पोर्शन रेडी."

"बट सर, दॅट ईज युवर हाऊस!"

"ऑल सेम हाऊस. कम, कम."

स्वतःचे कपडे आणि खाट घेऊन भाऊसाहेब अंगणातल्या कोठीत राहायला गेले. तिथे चुन्याची पोती, जुने नळ आणि फरशा होत्या. मला रडू आलं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, माझ्यापायी तुम्ही..."

"तुमच्यापायी नाही," ते घाईघाईने म्हणाले. "कोठीची भिंत ओल धरतेय. आत राहून बघितल्याशिवाय कळत नाही, कुठून ते."

वेंकटरावांची बायको सीतम्मा रोज मला पेज आणून द्यायची. एक शब्द एकमेकींना कळत नव्हता. ती माझे पाय चेपायची आणि मी तिचा हात धरून ठेवायची. तिची चार पोरं दिवसभर धुडगूस घालायची. भाऊसाहेब ओरडायचे, "मकानाला त्रास होतो!" थोड्याच दिवसांत पोरांनी हे एवढं मराठी उचललं आणि भाऊसाहेब शिंकले तरी चौघं एकसुरात ओरडू लागली, "मकानाला त्रास होतो!" भाऊसाहेब छत्री उगारून मागे धावायचे. ते धावतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एका दुपारी भर उन्हात मला कळा सुरू झाल्या. भाऊसाहेब टोपी न घालता डॉक्टरीणबाईंना आणायला गेले. मुलगी झाली, आणि दोघी सुखरूप राहिलो. मेरीबाईंनी दारात नेऊन तिला दाखवलं, तेव्हा भाऊसाहेबांनी हात मागे घेतले. "माझ्या हाताला चुना आहे," म्हणाले. हात तर स्वच्छ होते.

मुलगी सव्वा महिन्याची झाल्यावर हे आम्हाला न्यायला आले. टांगा फाटकाशी उभा होता. मी म्हटलं, "भाऊसाहेब, सुटलात एकदाचे. आता वेंकटराव इकडे येतील, तुम्ही तुमच्या पोर्शनमध्ये जा."

ते खिडकीचा कडी-कोयंडा चाचपत राहिले. "नको. राहू द्या त्यांना पुढंच. पोरं रुळलीत."

"मग हा कुणाला देणार?"

"मीच राहीन म्हणतो."

"इथं? अहो, इथं फार आवाज येतो. पुढच्यांचाही येतो, मागच्यांचाही."

"हौ," ते म्हणाले. "पुढच्या पोर्शनमध्ये फक्त तुमच्या भांड्यांचा यायचा. तेवढ्यावर इतकी वर्षं काढली." मग जरा हसून म्हणाले, "सगळ्यांच्या बदल्या झाल्या, बाई. मकानदाराची बदली कोण करणार? म्हटलं, आपणच करून घ्यावी."

यांनी हाक मारली. मी वाकून नमस्कार केला, मुलीला घेऊन टांग्यात बसले. घोडा हलला तेव्हा मागे वळून बघितलं. भाऊसाहेब कोठीतून खाट ओढत मधल्या पोर्शनकडे चालले होते, आणि सीतम्माची चारही पोरं खाटेचे चार पाय धरून त्यांच्याबरोबर चालली होती.