हेडक्लार्कनी शाखा जोडली

"तंत्रज्ञ कशाला हवा? शाखेचे पाचही कॉम्प्युटर मुख्य कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या डेटाबेसला मी एकटा जोडतो!" हेडक्लार्कनी बाह्या सरसावल्या. शाखाधिकाऱ्याची खुर्ची रिकामी होती. शाखा जो जोडेल तो त्या खुर्चीवर बसेल, असा त्यांचा हिशेब. बायकोने तर माहेरी कळवूनसुद्धा टाकलं होतं!

मुख्य कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले, "चाचणीसाठी डेटाबेसची वेगळी, सरावाची प्रत आहे. पत्ता लिहून घ्या."

"अहो, आम्ही काय पाळण्यात आहोत?" हेडक्लार्कनी फोन ठेवला आणि पाचही कॉम्प्युटरांत खऱ्या डेटाबेसचा पत्ता घातला. पासवर्ड सगळीकडे स्वतःचाच. वेगवेगळे मागवायचे म्हणजे श्रेयाला वाटेकरी!

"हं, टाइपिस्टबाई, कुणाची तरी नोंद बदलून बघा."

बाईंचा एकेक मसुदा आजवर लाल शाईत रक्तबंबाळ होऊन परत आला होता. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "कुणाची बदलू?"

"माझीच बदला की! माझ्या सहीशिवाय इथून टाचणी तरी बाहेर जाते का?"

पासवर्डाच्या रूपाने ती सही पाचही कॉम्प्युटरांत आधीच जाऊन बसली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाईंनी यादीतून 'सेवानिवृत्त' निवडलं आणि अगदी मनापासून बटण दाबलं.

'नोंद स्वीकारली.' टाळ्या! हेडक्लार्क फुगून टम्म! आणि पाचही स्क्रीनवर एकदम उमटलं, 'या व्यक्तीला प्रवेश नाही.'

त्यांनी फोनवर झडप घातली. "साहेब, मी हेडक्लार्क बोलतोय!"

"ते तर निवृत्त झाले."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात. त्यांच्याच पासवर्डाने आलंय."

"चूक झाली हो! रद्द करा!"

"करू की. त्यांनी आत जाऊन तशी विनंती टाकायची."

"आत जाताच येत नाही ना!"

"कसं येईल? निवृत्त झालेत ते." साहेबांचा आवाज प्रसन्न झाला. "बाकी जोडणी झकास हं! तिकडून आलेली पहिलीच नोंद चोख! कुणाचं काम हे? शाखाधिकाऱ्याच्या जागेसाठी नाव हवंय."

हेडक्लार्कनी तोंड उघडलं. ते मिटायच्या आत बाईंनी हलक्या हाताने रिसीव्हर काढून घेतला.

"बटण मी दाबलं, सर."

आणि ज्याला हेडक्लार्कनीच नोकरीला लावलं होतं, तो कारकून लगबगीने उठला. त्याने बाईंना बसायला खुर्ची पुढे सरकवली. हेडक्लार्कचीच!